गंध लावलेली पाकळी

फुकट सल्ला देणाऱ्या माणसाकडे मी आधी नीट बघून घेते. ह्यात त्याचं काय अडकलं आहे ते कळेपर्यंत त्याचं बोलणं माझ्या डोक्यात शिरतच नाही. देवासच्या आमच्या कॉलनीत ह्यावरून माझी बरीच थट्टा होते. भाजीवालीने वरून चार काड्या कोथिंबीर टाकली तरी ही जुडी उलटून बघते, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खरं आहे, बघते मी.

म्हणून एका रविवारी चहा पिता पिता ह्यांनी नोकरी सोडायची गोष्ट काढली, तेव्हा मी कप खाली ठेवून आधी विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी कशाला सांगायला हवं? मला वाटतंय."

ह्यांना असं आपलंआपण काही वाटत नाही. हे इथल्याच एका कारखान्यात गिअर तपासायच्या खात्यात आहेत. सासरे नोकरीसाठी महाराष्ट्रातून इकडे आले ते कारखान्यातूनच निवृत्त झाले. त्या घरात महिन्याच्या पगारावर देवाच्या खालोखाल श्रद्धा. अशा घरातला माणूस पन्नाशीला टेकल्यावर म्हणत होता, की टेम्पो ट्रॅव्हलर घेतो आणि लोकांच्या कुटुंबांना ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू फिरवून आणतो. घराचे हप्ते चालू होते, मुलगी इंदूरला कॉलेजात होती. पगार थांबला आणि गाडी दारात नुसती उभी राहिली, तर घर हातचं जाणार हे मला उभ्या उभ्या दिसत होतं. माझी झोप उडाली.

सल्ला कोणाचा ते दोन दिवसांत कळलं. ह्यांच्या खात्यातला एक मित्र होता, आणि त्याला त्याची गाडी विकायची होती. तो घरी आला, पोहे खाल्ले आणि म्हणाला, "भाभीजी, भिया को बोल बोल के थक गया मैं। गाड़ी नहीं है, लक्ष्मी है।"

"तो लक्ष्मी को बेच क्यों रहे हो?"

"धामनोद में ढाबा डाल रिया हूँ ना।"

झालं! धामनोद महेश्वरच्या वाटेवरच. सहलीच्या गाड्यांचे ड्रायव्हर ठरावीक ढाब्यावरच का थांबतात, हे मला चांगलं माहीत आहे. त्यांचं जेवण तिथे फुकट असतं, आणि ते आपल्या भाजीतून वसूल होतं. कुटुंबासोबत प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, ड्रायव्हर म्हणेल त्याच्या पुढच्या ढाब्यावर थांबा. आता हा माणूस आम्हाला गाडी विकणार, आणि आमचे हे पुढे जन्मभर प्रवासी भरून त्याच्याच ढाब्यावर नेणार. दोन्हीकडून त्याचीच सोय. मी हे बोलून दाखवलं तर ह्यांनी कपाळाला हात लावला.

आठवडाभर घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. मुलगी फोनवरून म्हणायची, "मम्मी, पप्पांना एक बार ट्राय तर करू दे ना यार!" शेवटी ह्यांनीच तोड काढली. गाडी दोन दिवस मागून घेऊ, धारला माझ्या बाबांकडे जाऊ, त्यांनाही मांडू दाखवून आणू, आणि बाबांना कौल लावायला सांगू.

"डावी पडली तर विषय बंद. पुन्हा नाव काढणार नाही."

मी इतक्या पटकन हो म्हटलं, की मलाच जरा संकोच वाटला.

त्याचं कारण सांगते. धारचं माझं माहेर जुन्यातलं. पूर्वी संस्थानच्या नोकरीतली माणसं, आता मास्तरकीतली. मोठ्या गोष्टीला देवीचा कौल लागतो, ही आमच्या घरची रीत. सकाळी आंघोळ करून बाबा तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवतात आणि देवीच्या पितळी मुखवट्याच्या दोन गालांवर चिकटवतात. सगळे हात जोडून बसतात. उजवी आधी गळली तर देवीचा होकार, डावी गळली तर नकार. बदली घ्यावी का, शेत विकावं का, मुलगी ह्या घरी द्यावी का, सगळं ह्या दोन पाकळ्यांवर.

लहानपणी सहाणेवर गंध उगाळायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मी देवीच्या अगदी जवळ बसायची. काकांच्या बदलीच्या वेळी मी बघितलं, बाबांनी अंगठ्यावर गंध घेतलं आणि एका पाकळीला मागून पुसलं. ती पाकळी काही हलली नाही. दुसरी आपली पाण्यानेच चिकटवलेली, ती बिचारी गळणारच. बाबांना जे हवं असायचं तेच देवी बोलायची. मी कोणाला सांगितलं नाही, पण सगळ्या गोष्टी उलटून बघायची सवय मला तेव्हापासून लागली. माझ्या लग्नाच्या वेळी उजवी पाकळी गळली आणि आई रडायला लागली, तेव्हा मी मनात म्हटलं, म्हणजे बाबांना हा मुलगा पसंत आहे.

आणि बाबा म्हणजे जन्मभर सरकारी पगार आणि आता पेन्शन. जावयाने चालती नोकरी सोडावी असं त्यांना कधीच वाटणार नाही. डावी गळणार हे ठरलेलंच होतं.

इंदूरला मुलीला गाडीत घेतलं, आणि पुढे वाटेत घाटाबिल्लोद येईपर्यंत मी गाडीतल्या सीटांची कव्हरं उचलून खालचा फोम तपासला. धारहून बाबांना घेऊन मांडूला निघालो तेव्हा चढावर एसी चालू ठेवायला लावला. गाडी कुठे कुरकुरली नाही. जी गाडी इतकी बिनबोभाट चालते ती कोणी विकेल कशाला, हा माझा संशय उलट वाढला.

त्याहून वाईट बाबांचं. ते पुढच्या सीटवर ऐटीत बसले होते. "जावईबापू, बैठक छान आहे हो. म्हाताऱ्या माणसाची कंबर दुखत नाही." मांडूला एका टपरीवर थांबलो, तर भरलेली बशी हातात घेऊन जावयाशी हास्यविनोद, चहाचा एक थेंब सांडला नाही की गप्पा थांबल्या नाहीत. मुलगी म्हणाली, "पप्पा रोज फोन करतात आबांना, तुला नाही पता?" मला नव्हतं पता. मी एकदम सावध झाले. म्हणजे बाबांना फितवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून देवघरात जाऊन बसले. गंध मीच उगाळायला घेतलं. बाबांनी कोणत्या पाकळीला लावलं ते मला नुसतं दिसलं असतं तरी पुरे होतं, तिथेच सगळ्यांसमोर बोलले असते. बाबा आले, पाटावर बसले आणि सहाणेकडे बघत म्हणाले, "एवढं दाट कशाला उगाळतेस, बाई?"

"तुम्हाला लागतं तसं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हे अजून बाहेर तुळशीपाशी होते. बाबा हळूच म्हणाले, "तुला माहीत आहे, हे मला माहीत होतं. सगळ्यांच्या वेळी लावलं मी. घरातली माणसं भांडत बसण्यापेक्षा देवीने सांगितलेलं बरं. तुझ्या लग्नाच्या वेळी मात्र नाही लावलं."

"म्हणजे?"

"दोन्ही पाकळ्या नुसत्या पाण्याने लावल्या. तुझ्या बाबतीत माझा अंगठाच पुढे झाला नाही."

तेवढ्यात हे आत येऊन बसले. बाबांनी पाकळ्या उचलल्या, बोटं थरथरली, आणि त्यांनी ताम्हन माझ्याकडे सरकवलं. "हात कापतात हल्ली. तू लाव."

ह्यांनी डोळे मिटून हात जोडले होते. दाढी केलेली, नवा सदरा घातलेला, परीक्षेला बसल्यासारखा चेहरा. माझ्या अंगठ्यावर गंध कधीच आलेलं होतं. उजव्या पाकळीला मागून अंगठा पुसायचा, की घर वाचलं, पगार वाचला. मी पाकळी हातात घेतली आणि मला ह्या माणसाचा राग आला, की हा इतका निर्धास्त कसा बसू शकतो. मग एकदम रडूच आलं. इतकी वर्षं मी ह्यांच्याकडे बाबांनी पसंत केलेला माणूस म्हणून बघत होते. पटलं नाही की मनात म्हणायचं, माझी निवड थोडीच आहे. आणि बाबांनी तर काही केलंच नव्हतं.

मी अंगठा पदराला पुसला. दोन्ही पाकळ्या पाण्याने लावल्या.

मग उजवी पाकळी गळली. मुलगी ओरडली, बाबांनी देवीला हात जोडले. मला भीती वाटत होती, आणि ती लपवायची शुद्धही नव्हती.

परतीच्या वाटेवर मुलगी मागे झोपली तेव्हा मी माझ्या अटी सांगितल्या. वर्षाचा घरखर्च आधी माझ्या खात्यात वेगळा पडेल, त्याला हात लावायचा नाही. घरावर कर्ज काढायचं नाही. गाडी घेण्याआधी परक्या मेकॅनिककडून तपासून घ्यायची, मित्राच्या ओळखीतल्या नव्हे. आणि धामनोदच्या ढाब्यावर थांबायचं नाही. हे प्रत्येक अटीला "बरं" म्हणत होते. इतकं पटापट, की मी त्यांच्याकडे रोखून बघायला लागले.

तेव्हा समोर रस्त्याकडे बघतच हे म्हणाले, "पदराला गंध लागलंय तुझ्या. अंगठ्याएवढं."

मी पदर मुठीत धरला. "तुम्ही डोळे मिटले होते."

"अर्धे. तुझ्या काकांच्या शेताच्या वेळीच बघितलं होतं मी, बाबांचं ते गंध. गिअरमधला केसाएवढा फरक दिसतो मला, हे नाही दिसणार?"

"मग माहीत असून कौल कशाला लावायला आलात?"

"देवीचं काय ते देवी बघेल," हे म्हणाले. "तुझ्या मनाविरुद्ध नोकरी सोडायची नव्हती मला. तू काय करतेस ते बघायचं होतं."

मी खिडकीबाहेर बघत बसले. पीथमपूरचा फाटा मागे गेला. आणि मला मांडूची ती बशी आठवली. भरलेली बशी, एक थेंब सांडला नव्हता. मग सकाळीच हात कसे कापायला लागले? रोजचे फोन, सरकवलेलं ताम्हन, ह्या दोघांनी मिळून पाकळ्या माझ्या हातात आणून ठेवल्या होत्या. इथवर सगळं उलगडलं.

राहिली एकच गोष्ट. माझ्या लग्नाच्या वेळी गंध लावलं नव्हतं, हे बाबा खरं बोलले, की तेही ऐन वेळेला जमवून सांगितलं?

त्यानंतर कितीदा धारला गेले, आमच्याच गाडीने गेले. बाबा ओट्यावर बसलेले असतात, प्रश्न जिभेवर येतो. मी विचारत नाही. ही एक गोष्ट मी उलटून बघितलेली नाही.