चतुराबाईची शेगडी

चतुराबाई माझी मोठी जाऊ. तिच्याशी भांडून कोणी जिंकलं असेल, तर तो माणूस आमच्या गावचा नाही. आमचं गाव अकोटच्या खालच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, आणि माणसं फार गोड आहेत असंही मी म्हणणार नाही. त्यात चतुराबाई म्हणजे कळस. पण आमच्या वस्तीत कुणाच्या घरी लेकरू जन्मलं की पहिला निरोप तिलाच जायचा. तेल लावून, पायावर घेऊन न्हाऊ घालावं ते तिनंच. तिचं दुसरं काम लिपणाचं. "भित आन लेकरू, दोन्ही हातानंच बसते," असं ती म्हणायची, आणि दोन्ही बाबतींत दुसऱ्याचा शब्द ऐकून घ्यायची नाही.

गेल्या मे महिन्यात तिची लेक रश्मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नांदगाव खंडेश्वरला तिचं सासर. अकोटच्या दवाखान्यात ती बाळंत झाली, मुलगी झाली, सुखरूप घरी आली. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला तो त्यानंतर.

आधी घराचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या दोघींची जुनी घरं मातीची होती, भिंतीला भिंत लागून. भिंती दोन हात जाड. वर धाब्याचं छत: लाकडाचे सर, त्यावर तुरी-कपाशीच्या काड्या, तुराट्या-पऱ्हाट्या, आणि त्यावर खाऱ्या मातीचा थर. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नाही. आमच्याकडचं दुपारनंतरचं ऊन ज्यानं सोसलंय तो पश्चिमेला भोक ठेवणारच नाही. सगळ्यात मागं बाळंतिणीची खोली, हात जाईल एवढा एक झरोका असलेली. तिथं मी बाळंत झाले, चतुराबाई झाली, आमची सासू झाली. ऐन मे महिन्यात दार लावून, शेगडीवर ओव्या-शेपांची धुरी घेत आम्ही पडून असायचो, आणि तरी निभायचं. बाहेरचं ऊन भिंत आत येऊ देत नव्हती आणि शेगडीची धग तीच पिऊन टाकायची.

दोन वर्षांपूर्वी चतुराबाईला घरकुल मंजूर झालं. तिचा मुलगा नागसेन अकोल्याला मोटार वायंडिंगच्या दुकानात आहे, त्यानं हौसेनं उभं राहून बांधून घेतलं. जुनं पाडलं त्या दिवशी चतुराबाई जेवली नाही, पण नवीन घराला तिनं नावंही ठेवली नाहीत. चौदा एप्रिलच्या जयंतीआधी सगळं घर लिपून कंबर मोडायची, तो त्रास गेला. एका विटेच्या भिंती, वर स्लॅब, आणि मागच्या खोलीला पश्चिमेकडे मोठी सरकत्या काचेची खिडकी. नागसेनला ती खिडकी फार आवडायची. स्लॅब दुपारी तापायचा तो रात्री जेवणं होऊन झोपायची वेळ झाली तरी निवायचा नाही. म्हणून नागसेननं कूलर आणला आणि प्रश्न मिटला, असं सगळ्यांना वाटलं.

रश्मीची खाट चतुराबाईनं त्याच मागच्या खोलीत टाकली. बाळंतिणीची खोली मागेच असते, असं तिच्या डोक्यात पक्कं. काचा सरकवून बंद केल्या, वरून जाड चादर ठोकली. खाटेजवळ शेगडी. रश्मीच्या कानाला फडकं, बाळाला टोपडं, झबलं आणि वरून दोन घड्यांचं दुपटं. कूलर मधल्या खोलीत, बंद.

"आई, जीव घाबरून राहिला माझा. थोडा वेळ तरी कूलर लाव ना," रश्मी म्हणायची.

"कूलरची हवा? ओल्या अंगाच्या लेकराले? तुले अक्कल हाय का काही?"

"अवं, पण शेगडी तरी कमी कर."

"तुले बी अशाच खोलीत वाढवली मी. मेली काय तू?"

गावची आशा सेविका भावना एक दिवसाआड यायची. तिनं खिडकी उघडली, शेगडी बाहेर नेली, बाळाला सुती कपड्यात ठेवायला सांगितलं. चतुराबाईनं सगळं मुकाट ऐकलं, वर तिला चहा पाजला. भावनाची गाडी गल्लीच्या बाहेर पडली न पडली तोच शेगडी परत खोलीत. मीही एकदा बोलले, तेव्हा मला म्हणाली, "तू तुया घरचं पाह्य."

मला तिचा रागच आला होता, पण तो पूर्ण राग नव्हता. चतुराबाईचं पहिलं लेकरू, मुलगा, पौषातल्या थंडीत पाच-सहा दिवसांचा होऊन गेला. मी तेव्हा या घरात आले नव्हते. वारं लागलं, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. बाळंतिणीनं दार उघडं ठेवलं असेल, असंही कोणीतरी म्हणालं. पोर वयाची ती, तिनं ते धरून ठेवलं. पुढं रश्मी झाली, नागसेन झाला, वस्तीतली किती लेकरं तिच्या हाताखालून गेली. पण उघडं दार दिसलं की ती उठून लावायची. तिचा हेका नव्हता तो, भीती होती. पण भीतीनं माणूस शहाणा होतोच असं थोडंच आहे?

त्या दिवशी चार वाजायला आले होते, कामं आटपून मी नुकती पाठ टेकली होती. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. भिंतीपलीकडून रश्मी ओरडली, "काकू! काकू, लवकर ये!"

मी मागच्या खोलीत गेले आणि दारातच मला गुदमरलं. रश्मी घामानं निथळत खाटेवर बसलेली, पोरगी मांडीवर. पोरीचं तोंड लालबुंद, ओठ सुकलेले. रडत नव्हती. रश्मी तिला पाजायला बघत होती, ती तोंड उघडत नव्हती. मी पोरीच्या पोटाला हात लावला, तो पोळला.

"सकाळपासून पेली नाही," रश्मी म्हणाली. "आईले सांगून राहिली मी सकाळपासून."

चतुराबाई शेगडीपुढं उकिडवी बसून जोरजोरानं वारा घालत होती. निखारे फुलवत होती. तिचे डोळे मला ओळखीचे वाटले नाहीत.

"वारं लागलं," ती म्हणाली. "मी म्हनत होती. ते भावना आली, तिनं खिडकी उघडली. शेक पायजे आता, चांगला शेक." आणि तिनं पेटीतून आणखी एक दुपटं काढलं.

रश्मीनं पोरीचं टोपडं ओढून फेकलं. चतुराबाईनं ते उचलून परत घातलं. रश्मीनं दुपटं सोडलं, चतुराबाईनं गुंडाळलं. मायलेकींच्या चार हातांत ते एवढंसं लेकरू, आणि त्याची मान लुळी पडलेली. मला वाटलं, हे आता यांच्या हातातच जाईल. मी भावनाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"कपडे काढा तिचे! सगळे!" भावना फोनमधून ओरडली. "गरमीनं झालं ते. शेगडी बाहेर काढा, गार जागी न्या, साध्या पान्यात फडकं भिजवून अंग पुसा. पाजायचा प्रयत्न करत राहा. मी दवाखान्याची गाडी बोलावून राहिली, अकोटहून यायले वेळ लागन. थांबू नका काकू!"

"तिले काय समजते? तिचं लगन तरी झालं काय?" चतुराबाई म्हणाली, पण तिचा आवाज फाटला होता.

रश्मीच्या मांडीवरून पोरीला ओढून घेऊन ती तिला माझ्यापासून वाचवायला उठली. एका हातात पोरगी होती, पाठीला हात देऊन उचललेली. उठताना तोल गेला आणि दुसरा हात तिनं मागं भिंतीवर टेकला. पश्चिमेची भिंत ती. दुपारभराचं ऊन त्या एका विटेतून आरपार आत आलं होतं. तिनं हात चटकन काढला. मग परत टेकवला, मुद्दाम, आणि तसाच ठेवला.

जन्मभर तिनं भिंतींवर हात फिरवला होता. घराच्या आतली भिंत मे महिन्यात कशी लागते ते तिच्या तळव्याला कोणी सांगायला नको होतं. एक तळवा भिंतीवर आणि एक लेकराच्या पाठीखाली, अशी ती उभी राहिली. दोन्हीकडे सारखंच पोळत होतं.

"अवं माय," ती हळूच म्हणाली. "मी भाजून राहिली व हिले."

मग तिनं जे केलं ते इतक्या झपाट्यानं, की मला धड आठवतही नाही. पोरगी रश्मीकडे दिली, पेटती शेगडी पदरानं धरून अंगणात नेऊन उलटी केली. पदर जळाला, तिचं लक्ष नव्हतं. धावत येऊन कूलरचं बटण दाबलं. कूलर हलला नाही. लाइन गेलेली होती. ती बटण दाबतच राहिली, दाबतच राहिली, आणि मी तिचा हात धरून बाजूला केला.

"माह्या घरी?" मी म्हटलं आणि तिथंच थांबले. माझं घरही तसंच, वर टिनं. तिच्यापेक्षा एक पायरी वाईट.

गल्लीच्या तोंडाशी खुशालराव पाटलांचं धाब्याचं घर अजून उभं आहे. गावात आता तेवढंच. चतुराबाईनं पोरीला ओल्या फडक्यात घेतलं आणि अनवाणी निघाली, रश्मी आणि मी मागं. त्या घराच्या बाहेरच्या भिंती चतुराबाईनं दर दिवाळीला लिपल्या होत्या. आतल्या भिंती त्यांच्या त्या लिपायच्या. उंबरठ्याच्या आत आम्हाला कधी कोणी बोलावलं नव्हतं आणि आम्हीही कधी गेलो नव्हतो. याबद्दल गावात कोणी मोठ्यानं बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

दारात खुशालरावांची बायको जमुनाबाई आली.

"जमुनाबाई, लेकरू तापलं माह्यं. तुमच्या मधल्या खोलीत घेऊ का?" चतुराबाई म्हणाली. ती कुणापुढं एवढं हळू बोललेली मी पहिल्यांदा ऐकलं.

जमुनाबाई क्षणभर दारातच उभी राहिली. तो क्षण मी पाहिला, आणि तो नव्हताच असं मी कुणाला सांगणार नाही. मग तिची नजर फडक्यातल्या त्या लाल तोंडाकडे गेली.

"इचारून काय राहिली, बाई? आन ना आत!" ती ओरडली, आणि स्वतःच पुढं होऊन अंथरूण टाकायला धावली.

आत शिरलो तर आधी काही दिसेना. अंधार आणि गारवा. जमुनाबाईनं माठातलं पाणी आणलं, मी म्हटलं एवढं गार नको, मग तिनं घागरीतलं दिलं. आम्ही पोरीचं अंग पुसत राहिलो. रश्मी पुन्हा पुन्हा पाजायला घेत होती. चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात काखेत दाबून. लेकराला झाकायची सवय त्या हातांना होती, आणि उघडं लेकरू समोर असताना ते हात आवरून बसणं काय असतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. एकदा ती अर्धवट उठली, मग परत बसली.

पोरगी रडली. फार मोठ्यानं नाही, मांजरीच्या पिल्लाएवढं. पण रडली. रश्मीनं तिला छातीशी घेतलं, आणि ती दोनदा चोखून थांबली. तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

अकोटच्या दवाखान्यात तिला दाखल करून घेतलं. रात्र आम्ही व्हरांड्यात काढली. सुगत, आमचे जावई, नांदगावहून पहाटे पोचले. चतुराबाईकडे न बघता ते सरळ पोरीच्या खाटेकडे गेले. सकाळी डॉक्टरीणबाई आल्या, तरुण होत्या. पोरगी आता दूध पीत होती. ताप उतरला होता.

"एवढ्या उन्हात बाळाला गुंडाळून शेगडीजवळ कोणी ठेवलं होतं?" त्यांनी विचारलं.

रश्मीनं मान खाली घातली. सुगत खिडकीबाहेर बघू लागले. मी तोंड उघडलं होतं, लाइन गेली होती वगैरे काहीतरी सांगायला.

"मी ठेवलं जी," चतुराबाई म्हणाली. "रश्मी नाई म्हनत होती. मी आयकलं नाई. घर नवीन झालं, मी जुन्याच घरात होती."

आता डॉक्टरीणबाई झाडणार म्हणून तिनं खांदे आवळून घेतले. मलाही वाटलं, दोन शब्द ऐकवले तर बरं, तिचं ओझं तरी उतरेल. पण त्यांनी एवढंच म्हटलं, "पुन्हा करू नका, आजी," आणि त्या पलीकडच्या खाटेकडे गेल्या. चतुराबाई तशीच उभी राहिली. भांडायला समोर कोणीच नव्हतं.

वस्तीतल्या कुठल्याही घरात शिरून, कुणालाही न विचारता, बाळंतिणीच्या मांडीवरून लेकरू उचलणारी ती बाई. खाटेपासून दोन पावलांवर ती हात पुढं करून थांबली.

"रश्मी, मी घेऊ का हिले?"

रश्मीनं आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पयले हात धून घे," रश्मी म्हणाली.

चतुराबाई नळाकडे गेली, आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुऊ लागली.