एकेचाळीसपैकी एकेचाळीस

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मामांचं दोन वर्षं एकच काम चाललं होतं: न वापरलेल्या नळ्या धुणं. शिकवणं ऑनलाइन झालं, सर घरच्या टेबलावर रंगीत पाणी ओतून दाखवू लागले, पोरं अंथरुणात लोळत बघू लागली. मामा मात्र रोज दहाला कुलूप काढायचे, गॅसचा कॉक तपासायचे, ब्युरेटच्या लांब काचनळ्या स्टँडला उभ्या करायचे. येणार कोण? कुणीच नाही.

त्यांची मुलगी याच विभागात शेवटच्या वर्षाला होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच: बापानं बावीस वर्षं ब्युरेट धुतल्या नि लेकीनं या दोन वर्षांत एकदाही हातात धरली नाही.

विभागप्रमुखांनी सांगून ठेवलं होतं, की विद्यार्थ्यांच्या समाधानाचा सर्व्हे निघतोय, तक्रारी आल्या तर लॅब सुरू करू, नाहीतर कायमची बंद. मामांना हायसं वाटलं. पोरांच्या तक्रारी त्यांना तोंडपाठ होत्या. आवाज तुटतो, चित्र गोठतं, शंका विचारावी तर तास संपलेला.

सर्व्हे आला तो नेमका हॉलतिकिटाच्या पानावर. तीनपेक्षा कमी स्टार दिले तर कारण लिहायचं, ते नावासकट विभागाकडे जाणार, विभागानं बघितल्यावरच तिकीट. परीक्षा चार दिवसांवर. लेकीनं एक स्टार दिला नि कारण लिहायला घेतलं. मागे उभे मामा पुढे वाकले.

"पाच दे नि मोकळी हो."

"बाबा, लॅब तुमचीच बंद होईल."

"बाकीची चाळीस लिहितील की. पाण्यात राहून माशाशी वैर तू एकटीनं कशाला घ्यायचं?"

तिनं पाच दाबले. तिकीट लगेच उतरलं. मामांना वाईट वाटलं, पण त्या दिवशी जेवण गोड लागलं, खोटं कशाला बोला.

उरलेल्या चाळीस घरांतही असेच शहाणे आईबाप होते, हे आठवड्यानं कळलं. एकेचाळीसपैकी एकेचाळीस पूर्ण समाधानी. गॅस तोडायचा, काचसामान खोक्यांत भरायचं आणि मामांनी पार्किंगच्या फाटकावर जायचं, असं ठरलं.

विभागप्रमुख काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी सर्व्हेचा कागद पुढे सरकवला. "एकानं जरी लिहिलं असतं ना मामा, तरी मी तेवढ्यावर भांडलो असतो. पण हे बघा, तुमची मुलगीसुद्धा समाधानी आहे."

मामांनी खरं सांगितलं असतं, तर लेकीनं खोटा फॉर्म भरला असं झालं असतं, आणि तिचे अजून दोन पेपर बाकी होते.

"हो साहेब," मामा म्हणाले, "शिकवता तुम्ही छानच." आणि खोकी कुठून आणायची ते त्यांनी विचारलं.