मशीनबाईची जपमाळ

मशीनबाई चर्चमध्ये संध्याकाळची जपमाळ सांगायला बसली की लोक खूश असत, आणि त्याला भक्ती हे कारण नव्हतं. ती इतक्या झपाट्याने सांगायची की मागच्यांना खिशातून माळ काढून पहिला मणी सापडेपर्यंत हिचे दहा मण्यांचे दोन फेरे उरकलेले असत. बेकरीवाला तर दुकान उघडं टाकून यायचा. म्हणायचा, कुलूप लावत बसलो तर जपमाळ चुकेल.

दोष तिचा नाही, धंद्याचा. ती कपडे शिवायची आणि प्रार्थना शिकली होती आईच्या शिलाई मशीनवर, पायडल मारता मारता. कॉलर म्हणजे ‘नमो मरिया’च्या दोन प्रार्थना, बाही म्हणजे तीन, आणि चेन लावायची असली तर दहाचा अख्खा फेरा आणि मध्ये चार शिव्या. चर्चच्या बाकावर बसली तरी तिचा उजवा पाय खाली चालूच असायचा. पाय थांबला की तोंडही थांबायचं, मग एक वेळ देवदूताने येऊन पुढचा शब्द सांगितला असता तरी उपयोग नव्हता.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात नवे फादर आले. फादर म्हणजे अगदी गरीब स्वभावाचा माणूस, पण कान शाबूत. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "बाई, आपण पवित्र मरियेला हाक मारतोय, तिचा पाठलाग करत नाही." जपमाळेला मन निर्मळ हवं, शांत हवं, त्यात दुसऱ्यासाठी कळवळा हवा. येत्या रविवारी मी स्वतः मागे बसून ऐकेन. जमलं तर उत्तम, नाहीतर तुमच्या धाकट्या जाऊबाई आहेतच.

धाकट्या जाऊबाई! ही जाऊ प्रार्थना म्हणायला लागली की दोन शब्दांच्या मध्ये माणसाने चहा करून प्यावा. डोळे मिटून अशी बसायची की शेजारच्या बायका कोपराने ढोसून खात्री करून घेत. आणि तिच्यासाठी ही जागा सोडायची? घरात मशीनबाईचं कोण ऐकत होतं? नवऱ्याला एक गोष्ट तीनदा सांगावी लागायची. सगळ्या जगात ही एकच जागा होती जिथे ती एक वाक्य बोलली की पन्नास माणसं निमूटपणे पुढचं वाक्य बोलायची. ती जागा गेली तर तिचं काय उरणार होतं?

तेव्हा तिने कंबर कसली. आधी स्वयंपाकघरात पाय न हलवता म्हणून पाहिलं, तर तोंडातून हवासुद्धा फुटेना. मग मशीनवर बसून हळूहळू, दुःखाच्या रहस्यांवर, म्हणजे येशूच्या छळाच्या एकेका प्रसंगावर, मनन करत म्हणून पाहिलं. काट्यांच्या मुकुटाशी पोचली तेव्हा तिला खरंच भरून आलं, आणि त्या भरात तिने पोस्टमनच्या शर्टाची बाही मनगटाशी शिवून बंद केली. दुसऱ्या दिवशी पोस्टमन दुकानात अर्धा शर्ट घालून हात शोधत उभा. तिने त्याला मननाचं कारण सांगितलं. त्याने फार अदबीने विचारलं की काजांच्या वेळीही मनन होणार आहे का, कारण मग तो दुसरीकडे जाईल.

शेवटी ती रडकुंडीला येऊन फादरकडे गेली. फादर म्हणाले, एका मण्याला एक माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याकडे माउलीच्या नजरेने बघा. सोपं आहे.

सोपं कसलं! माणूस डोळ्यांसमोर आणला की तिला आधी त्याचं माप दिसायचं. बेकरीवाला म्हटलं की पोट, आणि दर वर्षी त्या पोटासाठी सोडावी लागणारी शिवण. नर्सबाई म्हटलं की डावा खांदा उतरलेला. पण आता मणी संपेपर्यंत तिथेच थांबायचं होतं, म्हणून ती थांबली. आणि थांबल्यावर तिच्या मनात आलं, की हा खांदा उतरला कशाने? त्या बाईने आयुष्यभर पेशंटना त्याच खांद्याचा आधार देऊन उठवलं असणार. मशीनबाईला एकदम तिची माया आली. मग तिने घरी बसून नर्सबाईच्या झग्याच्या त्या खांद्याला आतून आणखी एक पॅड लावून टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही.

रविवार उजाडला. फादर मागे बसले. मशीनबाईने सुरुवात केली, हळू, एकेक माणूस धरून. पाय अधूनमधून हलत होता, पण मशीनला तेल घातल्यासारखा, आवाज न करता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बेकरीवाल्याला दुकान आठवून घाम फुटला. आणि तिसऱ्या फेऱ्यात, नको नको म्हणताना, जावेचा मणी आला.

माप आलं डोळ्यांसमोर. याच वर्षात तिचा तो एकच निळा झगा तीनदा आत घेतला होता, घरचं काम म्हणून फुकट, कपाळाला आठ्या घालून. मिरवायला बारीक होतेय, असं तेव्हा वाटलं होतं. आता मण्यावर थांबून तिने नीट बघितलं. दीर जहाजावर गेल्यापासून ही बाई घरात एकटी होती.

मशीनबाई गप्प झाली. सगळं चर्च गप्प झालं. फादरांना वाटलं, काय ही एकाग्रता, आणि त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

मशीनबाई शेजारच्या बाकाकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू जेवतेस का गं?"

जावेने डोळे उघडले. "कधीकधी. एकटीसाठी करावंसं वाटत नाही."

"मग आमच्याकडे यायला काय झालं होतं?"

"ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना," जाऊ हळू आवाजात म्हणाली, "रोज जेवायला आलीस तर झग्याला कापड पुरणार नाही म्हणून."

म्हणाली होती खरी. दिराला निरोप द्यायच्या जेवणात, सगळ्यांसमोर, हसत हसत. आणि हात धुताना विसरूनही गेली होती. आपल्याच कात्रीने आपली जीभ कापावी, असं तिला वाटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने माळ खिशात कोंबली, जावेचा हात धरला आणि तिला बाकावरून उठवलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चल घरी."

दोघी दारापर्यंत पोचल्या तेव्हा फादरांनी डोळे उघडले. गोंधळून त्यांनी विचारलं, की अहो, जपमाळ अर्धी राहिली, आता पुढे कोण सांगणार?

"हीच सांगेल," मशीनबाई म्हणाली. "आधी जेवेल, मग सांगेल. तोवर थांबा."