धिंगरीची सोयरीक

थोरली बहीण कासुर्डीला घरामागच्या शेडमध्ये धिंगरी अळिंबी पिकवायची. मी शिरूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि रविवारी तिच्याकडे जायचो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पिशव्या भरायला गव्हाचं काड आणून देणारा फुलशेतीवाला तिला आवडला होता, त्यालाही ती. आम्ही बौद्ध, त्याचं घर हिंदू, गावात मानाचं. सगळं त्याच्या आबांच्या होकारावर अडलं होतं.

आबा दरवर्षी जयंतीला फेटा बांधून समतेवर बोलत. फेटा सैल व्हायचा, भाषण नाही. एका रविवारी ते शेड बघायला आले. मुलगी बघायला आलो, असं म्हणणं त्यांना जड गेलं असतं. ताईनं चहा दिला. त्यांनी तो घेतला, वर आणखी अर्धा कप मागितला. ताईनं माझ्याकडं पाहिलं. त्या घरातल्या वडीलधाऱ्यानं आमच्याकडं चहा मागून घेतला म्हणजे होकारच, असं आम्ही धरून चाललो.

"ह्येचं बी कसं धरतं?" आबांनी एका छत्रीकडं बोट दाखवलं.

मला विचारलं की मी थांबत नाही. अळिंबी म्हणजे बुरशीच. छत्रीखालून बीजाणू उडतात, त्यांना धागे फुटतात. धागा जोडीदार शोधतो, रसायनांवरून ओळख पटवतो. दोन स्थळं आली तर त्यातलं एक निवडलं जातं.

"अट एकच, आबा. जोडीदार आपल्याच प्रकारचा चालत नाही. वेगळाच लागतो."

आबा हसले. "जमतंय की त्यास्नी, मास्तर. बुरशीला कुठं आई-बाप असत्यात?"

ताईही हसली. चहा झाला होता, म्हणून आम्हाला तो विनोद वाटला.

पुढच्या रविवारी काड आलं, ते दुसऱ्याच ट्रॅक्टरवाल्याबरोबर.

"त्यांची काल सुपारी फुटली," तो म्हणाला. "पावनं दौंडकडचं हायेत. आबांनी काय भाषण ठोकलं म्हणता!"

ताईनं काड उतरवून घेतलं आणि भिजत घातलं.

काही आठवड्यांनी गेलो, तेव्हा कोपऱ्यातल्या एका पिशवीवरची अळिंबी न तोडता तशीच होती. छत्र्या उलटून कडेनं चिरल्या होत्या. खालच्या पिशव्यांवर बीजाणूंची पांढरी भुकटी बसली होती, ताईच्या केसांवरही. ती खोकत होती.

"ताई, ही तोडायची राहिली."

"राहिली न्हाई, ठेवलीय," ती म्हणाली आणि दारावरचं गोणपाट वर बांधलं. "उडू दे त्यास्नी. कुणाचं तरी जमू दे."