माझ्या फोनमधलं दुखणं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का. मधेच कुणी हसलं की माझी गाडी अडते, आणि हे सांगताना तर अजूनही हातावर काटा येतो. बघा, बघा, आत्ताच आला!

तर पहिली गोष्ट, मी शाळेत विज्ञान शिकवते. हे मुद्दाम सांगतेय. भूत, भानामती, अंगात येणं, यावर मी वर्गात असं काही बोलते की पोरं बाकाखाली बघायची सोडून माझ्याकडं बघतात. असली मी. पुढं माझं काय झालं ते ऐका.

स्टाफरूममध्ये डबा खाताना शबानाबाईंनी पेपरची पुरवणी माझ्यापुढं सरकवली. त्यात एक लेख होता. माणूस आजकाल डॉक्टरच्या आधी फोनला विचारतो ना, मग लोक इंटरनेटवर काय काय शोधतात त्यावरून आजाराची चाहूल आधीच लागेल का, यावर म्हणे संशोधन चाललंय. खाली एक सावधगिरीचा परिच्छेदही होता. पण त्यावर माझ्या शेंगाचटणीचं तेल सांडलं होतं, म्हणून तो मी सोडला. नेमका तोच सोडला!

त्याच संध्याकाळी घरी धड्याची तयारी करायला फोन घेतला. शोधायच्या चौकटीवर बोट टेकवलं. तिथं आपण आधी काय काय विचारलंय ते खाली दिसतं, माहितीये ना? सगळ्यात वर होतं, ‘हातातून वस्तू का पडते.’

मी हे विचारलंच नव्हतं.

नवऱ्याला विचारलं. ते टीव्हीसमोर होते. म्हणाले, “तूच विचारलं असशील की. विसरली असशील.”

“मी विसरत नाही.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात माझ्या हातातून खडू पडला. उचलला, परत पडला. आता मला सांगा, मास्तरकी करणाऱ्या माणसाच्या हातून खडू पडतच असतो की नाही? आयुष्यभर पडत आलाय! पण त्या दिवशी मी त्या तुकड्याकडं अशी बघत राहिले की पुढच्या बाकावरची पोरगी घाबरून म्हणाली, “बाई, दुसरा देऊ का?”

घरी येऊन फोन उघडला. नवीन ओळ. ‘शब्द आठवत नाही.’

तसाच फोन नवऱ्यापुढं धरला. बोलायला गेले, “अहो, हे बघा ना, ते... ते आपलं...” आणि मला शब्दच आठवेना! साधा ‘शोध’ हा शब्द!

इथं कुणी हसायचं नाही.

म्हणजे कसं होत होतं बघा. आधी फोनमध्ये प्रश्न यायचा आणि मग मला ते व्हायचं. ‘चालताना पाय ओढतो’ आलं, आणि सात रस्ता चौकात रिक्षातून उतरताना माझी चप्पल घासली. ‘डोकं जड होतं’ आलं, आणि माझं डोकं असं जड झालं की वेणीसुद्धा घालवेना. मी काही विचारत नव्हते. माझ्या वतीनं कुणीतरी विचारत होतं, आणि त्याला माझ्या आधी सगळं कळत होतं.

शबानाबाईंना सांगितलं तर त्या पाण्याची बाटली खाली ठेवून म्हणाल्या, “अगं, मोबाईलमें किसीकी नजर लगी क्या? जा, डॉक्टरला दाखव आधी.”

“नजर वगैरे काही नसतं, शबाना.”

“नको मानू. पण दाखव.”

दाखवणार होतेच. पण त्याच दुपारी ती ओळ आली. मोकळ्या तासाला मी एकटीच प्रयोगशाळेत बसले होते. समोर तो प्लास्टिकचा सांगाडा. फोन उघडला तर लिहिलेलं, ‘सुनेला कसं सांगावं.’

मला एकच मुलगी. ती पुण्याला शिकते. मला सून कुठून असणार? म्हणजे विचारणारी मी नाही. विचारणाऱ्याला सून आहे. आणि ह्या फोनला ठाऊक असलेली सून कोण? मी!

मी त्या सांगाड्याकडं बघितलं. त्यानंही माझ्याकडं बघितलं. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्याबाई!

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. अर्धांगानं गेल्या. आणि आठवलं तर काय, त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी हातातून ताटं पडायची. मग पाय ओढायला लागला. मग शब्द सापडेनात. सगळं तंतोतंत! त्यांचं माझ्यावर प्रेम फार. त्या मला सावध करत होत्या!

हो, हो. विज्ञानाची शिक्षिका. मी आधीच सांगितलंय.

घरी गेल्यावर हॉलमधल्या त्यांच्या फोटोसमोर उभी राहिले. दिवा लावला. म्हटलं, “आत्याबाई, काय असेल ते सरळ सांगा. मी मनाची तयारी केलीय.” आणि फोन फोटोपुढं ठेवून चार्जिंगला लावला. नैवेद्य म्हणून म्हणा हवं तर. तेवढ्यात नवरा बाहेरून आला. फोटो, दिवा, वायर, फोन आणि हात जोडून मी, एवढं एकदम बघून तसाच आत गेला. आतून फक्त विचारलं, “जेवायला काय आहे?”

मग म्हटलं, खात्री करून घ्यावी. आत्याबाईंचं पहिल्यापासून बघितलेलं माणूस एकच, अण्णा. म्हणजे माझे सासरे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, कुर्डुवाडीला एकटेच राहतात. सोलापूरला चला म्हटलं की म्हणतात, “तितं मला गाडीची शिट्टी ऐकू येत न्हाय.” त्यांना फोन लावला.

“अण्णा, तब्येत कशी आहे?”

“मी... बरा हाय की.”

“एक विचारायचं होतं. आत्याबाईंना शेवटी झालं, त्याच्या आधी काय काय व्हायचं हो? हातातून भांडी पडायची ना?”

पलीकडं लांबवर एक इंजिन ओरडलं. मग अण्णा अगदी हळू म्हणाले, “तुला... कुणी... सांगितलं?”

मी कुजबुजत म्हटलं, “त्यांनीच सांगितलं, अण्णा.”

“कुणी?”

“आत्याबाईंनी.”

फोन कट झाला.

मला वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. आणि थोड्याच वेळात माझ्या फोनमध्ये ओळ उमटली, ‘सुनेला कळलं तर काय करावं.’ तिच्यामागोमाग दुसरी. ‘मेलेलं माणूस घरच्यांना सांगायला येतं का.’

फोन माझ्या हातातून पडला. ह्या वेळी खरोखर पडला!

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. सात रस्त्याजवळ एक मेंदूचे डॉक्टर आहेत, शांत स्वभावाचे. त्यांना मी हात, पाय, शब्द, डोकं सगळं सांगितलं. फोटोचं तेवढं सांगितलं नाही. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, बोटं दाबायला लावली, नाकाला बोट लावायला लावलं. म्हणाले, “तसं काही वाटत नाही.” मी डोळ्यांत पाणी आणलं. मग म्हणाले, “बरं, तुमच्या समाधानासाठी स्कॅन करून घेऊ.” मशिनीच्या त्या गोल भोकात पडल्या पडल्या मी मुलीच्या लग्नाला कोण उभं राहील इथपर्यंत पोचले होते.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. “स्वच्छ आहे. तुम्हाला काहीही झालेलं नाही.”

“मग हे काय?” म्हणून मी फोनच पुढं केला. ओळी वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठी आली. एका ओळीवर ते थांबले. ती नवी होती, मीही बघितली नव्हती. त्यांनी मोठ्यानं वाचली, “‘एकटं असताना काही झालं तर लोकांना कधी कळतं.’” आणि वर बघून म्हणाले, “हे तुम्ही लिहिलंय?”

“नाही. सासूबाईंनी.”

“त्यांना बोलावून घ्या ताबडतोब.”

“त्या वारल्या.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आणि सासरे?”

“सासरे आहेत की. कुर्डुवाडीला. एकदम ठणठणीत.”

“ते फोन वापरतात?”

“वापरतात ना. टाईप येत नाही, बोलून विचारतात. माझाच जुना फोन दिवाळीला दिला होता, त्यात माझंच नाव आणि पासवर्ड...”

आणि माझं वाक्य तिथंच तुटलं.

अण्णा! अण्णा फोनशी बोलत होते, आणि फोन त्यांच्या ‘न्हाय’चं ‘नाही’ करून, पुस्तकी मराठीत ते माझ्या खात्यावर मांडत होता. मला ओळखू कसं येणार? जिवंत माणूस महिनाभर मला हाका मारत होता, आणि मी फोटोला दिवा लावत बसले होते!

अण्णांना फोन लावला. वाजून वाजून बंद. परत लावला. तेच. नवऱ्याला कारखान्यातून उचललं आणि गाडी कुर्डुवाडीकडं काढली. उन्हाचा सगळा रस्ता रिकामा. मी फोन मांडीवर धरून बसले होते, आणि मोडनिंब गाव मागं पडल्यावर माझ्या डोळ्यांदेखत ओळ उमटली, ‘आतून कडी असेल तर बाहेरून दार कसं उघडतात.’

नवऱ्यानं विचारलं, “काय म्हणतायत अण्णा?” मी फक्त म्हटलं, “जोरात घ्या.”

घरापाशी पोचलो. दार बंद. नवऱ्यानं खांद्यानं धक्का मारायची तयारी केली, मी नुसता हात लावला, तर दार आपोआप आत गेलं. कडी लावलीच नव्हती. कुणी आलं तर दार फोडायला लागू नये म्हणून.

अण्णा खुर्चीत बसले होते. एका पायात चप्पल, दुसरी लांब पडलेली. फोन मांडीवर. आम्हाला बघून त्यांचं तोंड एका बाजूनंच हसलं. “आलीस व्हय, आपलं... ही...” माझं नाव त्यांना सापडेना. मी त्यांचा हात धरला. गार होता, आणि माझ्या हातातून सुटून सुटून जात होता.

“फोन का उचलला नाही, अण्णा?” नवऱ्याचा आवाज फुटला.

“बोलता... आलं नसतं. कळलं असतं तुमाला.” मग फोनकडं बघून म्हणाले, “ह्याला घाई नसती. थांबून थांबून बोललं तरी... ऐकतंय.”

सोलापूरला आणलं, त्याच डॉक्टरांकडं. एका दुकानाचं अर्धवट उघडं शटर त्यांच्या डोक्याला लागलं होतं, मागंच कधीतरी. वर जखमसुद्धा नव्हती, म्हणून कुणाला बोलले नाहीत. आत मेंदूवर हळूहळू रक्त साचत गेलं होतं. आणि ते मनात धरून बसले, आपल्याला आत्याबाईंचंच दुखणं झालंय, आता पोरांच्या गळ्यात पडायचं न्हाय. त्यात मी तो फोन करून सांगितलेलं, आत्याबाई माझ्याशी बोलल्या म्हणून! म्हातारा रात्रभर बसून होता हो.

डॉक्टर म्हणाले, “वेळेत आणलंत.” कवटीला लहानसं भोक पाडून रक्त काढलं. आणि खरंच सांगते, दोन-चार दिवसांत हाताला पकड आली, पाय सरळ पडायला लागला. पहिला धड शब्द बाहेर आला तो माझं नाव. मी वॉर्डाच्या व्हरांड्यात जाऊन पोटभर रडून घेतलं.

मग मी त्यांना सगळं कबूल केलं. ओळी, खडू, चप्पल, फोटो, वायर, स्कॅन, सगळं. ते डोक्याला पांढरी पट्टी बांधून शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, रागावतील. त्यांनी नुसतं सफरचंद मागितलं.

संध्याकाळी सिस्टर सुई लावायला आल्या. मी बाजूला सफरचंद कापत होते. अण्णा त्यांना म्हणाले, “सिस्टर, माजी सून लई मायेची हाय बगा. मार लागला माज्या डोक्याला, आन त्याच मशिनीत हिनं आदी सवताचं डोकं तपासून घेतलं.”

सिस्टर चकित झाल्या. “हो का? मग ह्यांच्या डोक्यात काय निघालं, बाबा?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग सिस्टरांकडं बघितलं, आणि अगदी दुःखी चेहऱ्यानं म्हणाले, “कायबी न्हाय निगालं.”