पावडर मारलेल्या वह्या

गावच्या शेतकरी सोसायटीच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली तेव्हा त्यांच्यावर पावडर मीच मारली. पिकावर धुरळायची ती विषारी पावडर गोदामात पडूनच होती. दुष्काळात पीकच नव्हतं, धुरळणार कशावर? पानापानांत चिमूट चिमूट सोडली आणि स्वतःच्या अकलेवर भलता खूश झालो.

पुढं सोसायटीनं गुरांची छावणी काढली. चारा थोडा, गुरं उदंड. मग चेअरमननं ठरवलं, ज्यांचा आजा निजामाच्या काळात सभासद होता त्यांचीच गुरं आत घ्यायची. त्या काळच्या वह्या उर्दूत. त्या वाचू शकणारे एकटे मुन्शीजी उरले होते, आमचे निवृत्त कारकून. त्यांना चकलांब्याहून आणलं.

मुन्शीजी बोट जिभेला लावून पान उलटायचे. पहिल्याच दिवशी माझ्या ते लक्षात आलं. मी चेअरमनला गाठून पावडरचं सांगितलं.

"गप बस बे," ते म्हणाले. "म्हातारा भ्याला तर वह्या कोण वाचणार? दोन-तीन दिसाचं काम हाय. होऊ दे, मग सांग."

खरं सांगायचं तर बरंच वाटलं, चूक माझीच होती ना. दुपारी शहाणपणा करून त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हटलं, "मुन्शीजी, यात बोट बुडवत चला."

"माणसं पाण्यावाचून मरायलीत अन् तू बोटं भिजवायला देतूस?" ते हसले. तांब्या त्यांनी बाहेर बैल धरून उभ्या असलेल्या एका म्हातारीला देऊन टाकला. मी पुढची वही त्यांच्यापुढं सरकवली.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडातून लाळ गळू लागली, हात थरथरू लागले. शेवटच्या वहीची चार पानं उरली होती. चेअरमननं तीही वाचून घेतली, मगच जीप काढली.

गेवराईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मुन्शीजींच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "फवारणीचं औषध पोटात गेलंय का यांच्या? खरं सांगा, त्यावर इलाज आहे."

चेअरमन माझ्याकडं बघत होते.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "ऊन लागलंय."

डॉक्टरांनी सलाईन लावलं. संध्याकाळी मुन्शीजी गेले. त्यांचा मुलगा माझ्या गळ्यात पडून रडला, "तुमी लई केलं माझ्या बापासाठी" म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.