कोलंबीच्या सालींचा डिंक

आमच्या मांडवीच्या घरात कोलंबी सोलली की साली फेकायच्या नाहीत, असा आईचा हुकूम होता. ती त्या धुवून गच्चीवर वाळवायची. शेजारीण नाक मुरडायची, तर आई तिलाच सुनावायची, "माझ्या लेकीचा अभ्यास हाय तो. वास सोसायचा."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात त्या सालींपासून जखमेचा डिंक करू बघायचे. टाके न घालता कातडी जोडणारा, अंगाला न बाधणारा. दोन बाटल्यांतली द्रावणं एकत्र केली की त्यांची जेली व्हायची. बकऱ्याच्या कोरड्या कातड्यावर ती झकास बसायची आणि ओल लागली की सुटायची. वर्षानुवर्षं हेच रडगाणं.

त्यातच आईच्या टाचेला जखम झाली. मधुमेह जुना, पाय बधिर. चप्पल घासत होती ते तिला कळलंच नाही. मग नर्सकडून रोजचं ड्रेसिंग, आणि मी घरी आले की रोजचा प्रश्न, "झाला काय गो तुजा डिंक?"

मी वैतागायचे. "आई, माणसाला लावायला अजून कितीतरी वर्षं जातील."

"तवर मी ऱ्हायन काय?" म्हणून ती हसायची.

कॉलेजात वीज सारखी जायची, म्हणून बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये असत. मी ओट्यावर डिंक कालवायचे आणि आई भाजी निवडता निवडता बघत असायची. हात लावू नकोस, हे मी तिला बजावलेलं होतं.

एका संध्याकाळी आले तर ती पट्टी सोडून, पाय स्टुलावर ठेवून बसलेली. "बघ. चिकटला!"

जखम मिटली होती, कडेला कड लागून. ओल्या, जिवंत मांसावर माझा डिंक पहिल्यांदाच धरून बसला होता. खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. मग हात लावला. टाच तापली होती, वर घोट्यापर्यंत लाल झाली होती. आतला पू बाहेर यायची वाटच तिनं बंद केली होती. ही जखम उघडीच ठेवायची, असं नर्सनं किती वेळा सांगितलं होतं. पण नर्स परकी आणि डिंक लेकीचा.

दवाखान्यात सर्जन चिमट्यानं ओढत वैतागले, "काय लावलंय हे? सुटता सुटत नाही!"

आईनं माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस काय गो?" चेहऱ्यावर नुसतं कौतुक.

पाय कापून काढला, पण विष आधीच रक्तात गेलं होतं. आई गेली. मला तिचा राग येतो, अजूनही येतो. इतका विश्वास ठेवतात का कुणावर?

दिवसकार्य उरकल्यावर शेजारीण आली. हातात पिशवी, गच्चीवरच्या वाळलेल्या सालींची.

"दवाखान्यात जाताना सांगून गेली होती," ती म्हणाली. "पावसात भिजू देऊ नको म्हणून."